१४२८५७ आणि देवळालीचे मास्तर

कनेरगाव नाक्यावर हिंगोलीच्या एमएच-३८ आणि वाशीमच्या एमएच-३७ अशा दोन्ही पाट्यांच्या गाड्या दिसतात. श्रोत्यांनी त्यातल्या एखाद्या पाटीचे शेवटचे चार अंक टिपून घ्यावेत. समजा, ते २००५ निघाले. हेच अंक मोठ्यात मोठे मांडले की ५२००, लहानात लहान मांडले की ००२५, वजाबाकी ५१७५. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया. मग येतात ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या फेरीला ६१७४. तिथून संख्या हलतच नाही, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४! चारही अंक सारखे असलेली पाटी वगळता कोणतीही गाडी फार तर सात फेऱ्यांत इथेच येते.

हे १९४९ मध्ये दाखवले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १९०५ मधला. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. नोकरी देवळालीला शाळामास्तराची. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले.

पण कापरेकरांची नजर समजून घ्यायची तर ६१७४ पेक्षा १४२८५७ अधिक उपयोगी पडते. ही संख्या म्हणजे एक सप्तमांशाच्या दशांश रूपात फिरणारे सहा अंक. दोनाने गुणले तर २८५७१४, तिनाने ४२८५७१. सहापर्यंत तेच अंक जागा बदलत राहतात. साताने गुणले की मात्र सरळ ९९९९९९.

तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करावेत, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज? १४२८५७. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. यात जादू नाही. १४२८५७ च्या सातपटीत ९९९९९९ येतात आणि १४२८५६ ला साताने नि:शेष भाग जाऊन २०४०८ येतात. त्यामुळे वर्गातून मूळ संख्या वजा केली की राहते ९९९९९९ गुणिले २०४०८. दहा लाखांत एक कमी असल्याने तुकड्यांचा हिशेब चोख जुळतो. शिवाय अंकांची बेरीज २७, आणि २७ ने भागल्यास ५२९१. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ नाव दिले.

हा सगळा दशमान लेखनाचा खेळ, संख्येचा गुण नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो खोटा नाही. ६१७४ म्हणजे २ गुणिले ३ चा वर्ग गुणिले ७ चा घन, हे कोणत्याही लेखनपद्धतीत खरे. तिच्यावर येऊन थांबणे मात्र दहाच्या पायावरच. पण मग नवाचा ताळाही याच कारणाने मोडीत काढावा लागेल, आणि तो कुणी काढत नाही.

आता १४२८५७ वरही सुरुवातीची, ६१७४ ला नेणारी वजाबाकी करून पाहावी. ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि सातव्या फेरीला ८५१७४२, म्हणजे मूळचेच सहा अंक! आठव्या फेरीला पुन्हा ७५०८४३. सहा अंकी संख्यांना थांबायला ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन मुक्काम आहेत. १४२८५७ दोन्हीकडे फिरकत नाही.