मार्शल लॉ : कुंपणाबाहेरचा आणि कुंपणाआतला
(सोलापुरातील भाषणाचा मजकूर)



सोलापुरात मार्शल लॉ म्हटलं की आपली छाती फुगते. फुगू द्या. मे 1930. गांधींना अटक झाली, गिरणी कामगार रस्त्यावर आला, 8 तारखेला गोळीबार झाला. मग 12 मे ला मार्शल लॉ, तो 30 जूनपर्यंत. नियम करणारं लष्कर, पकडणारं लष्कर, निवाडा देणारंही लष्करच. झेंडा फडकवणं गुन्हा. वर या सगळ्यावर कायद्याचा शिक्का मारणारा व्हाइसरॉयचा वटहुकूम.

अमेरिकेनं तरी वेगळं काय केलं? क्यूबातलं ग्वांतानामो. 1903 पासून भाडेपट्ट्यानं बळकावलेला नाविक तळ. जानेवारी 2002 पासून तिथं कैदी आणले, सगळे मिळून 780 च्या आसपास. तळ क्यूबातच का? तर म्हणे, जमीन आमची नाही, सबब आमच्या कोर्टाचा हुकूम तिथं चालत नाही! 2006 ला त्यांच्याच सुप्रीम कोर्टानं ती लष्करी न्यायमंडळं बेकायदा ठरवली, तर काँग्रेसनं त्याच वर्षी नवा कायदा करून ती परत उभी केली. बहुतेकांवर तर खटलासुद्धा भरला नाही. नुसतं कोंडून ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, क्यूबा कुठं आणि आपण कुठं. अहो, इथंच, सेटलमेंटात चला. ते नाव कशानं पडलं? 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. सरकारनं गॅझेटात जमातीचं नाव छापलं की आईच्या पोटातलं पोरही गुन्हेगार. आणि त्या नोटिफिकेशनला कुठल्याही कोर्टात आव्हान नाही, असं कायद्यातच लिहिलेलं. ग्वांतानामोला समुद्र तरी आड लागला. इथं काटेरी तार पुरली. कैकाडी, पारधी, कंजारभाट, मांग गारुडी. तारेच्या आत हजेरी, बाहेर जायला पास, हद्दीबाहेर सापडला तर वॉरंटशिवाय अटक. दिवसा मात्र गिरणीत राबायला माणूस हवाच होता मालकांना!

शहरावरचा मार्शल लॉ 50 दिवसांचा. त्याचा इतिहास झाला. येरवड्यात 12 जानेवारी 1931 ला फासावर गेलेल्या चौघांचे पुतळे झाले, आणि ते व्हायलाच पाहिजेत. पण तारेच्या आतला मार्शल लॉ पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्याला कुणी मार्शल लॉ म्हटलंच नाही. स्वातंत्र्य 1947 ला आलं, तेही तारेपाशी येऊन थांबलं. देशभरात तो कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला. पाच वर्षं, सोळा दिवस उशिरा. आणि 1959 ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. पाटी बदलली. गावात चोरी झाली की फौजदाराची गाडी अजून कुणाच्या पालाकडं वळते, हे मी तुम्हाला काय सांगू?

ग्वांतानामोच्या कैद्यांची नावं निदान छापली गेली. आपल्या आज्याची हजेरी कुठल्या रजिस्टरात आहे? ज्यांच्या घरी ट्रंकेत जुना पास, एखादा कागद असेल त्यांनी तो घेऊन यावा. नसेल तर म्हातारीला बोलतं करा. लिहून घेऊ. पुढच्या अंकात छापू.