आज्ञावलीची साक्ष

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. हा मुलूख संत्र्याच्या बागांचा. बागेतील पंप ठरल्या वेळी चालू-बंद करणारे नियंत्रक आता मिळतात. त्यांच्या पोटात एक छोटासा संगणक असतो आणि त्याची आज्ञावली बहुधा ‘सी’ या भाषेत लिहितात. ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली.

अशा नियंत्रकाला बहुधा पडदा नसतो. ऐन उन्हाळ्यात मध्यरात्री पंप थांबला, तर तो का थांबला हे सांगणार कोण? म्हणून आज्ञावलीतच जागोजागी संदेश छापण्याची सोय करावी लागते. तारेने संगणक जोडला की ते संदेश वाचता येतात.

हे संदेश सुटे न लिहिता मॅक्रोच्या द्वारे लिहावेत. मॅक्रो म्हणजे एक संक्षिप्त नाव. कंपायलरचे मुख्य काम सुरू होण्यापूर्वी त्या नावाच्या जागी पूर्ण मजकूर घातला जातो. त्यामुळे संदेश जेथे लिहिला, त्याच फाइलचे नाव व ओळीचा क्रमांक त्यासोबत छापता येतो. हेच काम साध्या फंक्शनवर सोपविले, तर त्या फंक्शनमधीलच ओळ दिसेल. शिवाय एके ठिकाणी १ चे ० केले की सर्व संदेश बंद होतात. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातही असे मॅक्रो आहेत.

तथापि तीन पथ्ये पाळावीत. पहिले, मॅक्रोचा मजकूर ‘डू’ आणि ‘व्हाइल शून्य’ यांच्यामध्ये ठेवावा. म्हणजे ‘इफ’च्या खाली तो एकच विधान ठरतो. दुसरे, संदेशाच्या कंसात मोजणी वाढविण्यासारखी क्रिया करू नये. संदेश बंद होताच ती क्रियाही थांबते आणि चाचणीत चाललेले यंत्र शेतात चुकते. तिसरे, छपाईला वेळ लागतो. ९६०० बॉडच्या जोडणीवर सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे जातात. म्हणजे ६० अक्षरांच्या संदेशाला सेकंदाचा सोळावा भाग लागतो. तातडीच्या इंटरप्टमध्ये तेवढा विलंबही घातक ठरतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, विद्यार्थ्यांना आज्ञावली शिकविताना ही शिस्तही शिकवावी. दुरुस्तीस जाणारा मनुष्य बहुधा ती लिहिणारा नसतो. त्याच्या हाती केवळ हे संदेशच असतात, आणि बागेचे पाणी त्यांवरच अवलंबून असते.