आपल्या गेटसमोरचं क्रॉसिंग

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण)



अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. विषय ऐकून हसू नका: पायी रस्ता ओलांडायची जागा मोबाइलच्या नकाशात कशी नोंदवतात!

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा 2004 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. तो जगभरातले लोकच भरतात, लोकच दुरुस्त करतात. रिटायर झाल्यावर मलाही तो नाद लागला.

त्यात क्रॉसिंगचे प्रकार आहेत. सिग्नल असेल तर ‘ट्रॅफिक सिग्नल्स’. पट्टे आहेत पण सिग्नल नाही, तर ‘अनकंट्रोल्ड’. पट्टेही नाहीत, पण लोक तिथूनच जातात, तर ‘अनमार्क्ड’. इथंच मी फसलो. आपल्या गेटसमोर दुभाजकाला फट आहे ना, तिथं ना पट्टा, ना दिवा. मी म्हटलं, कंट्रोल कुणाचाच नाही, म्हणजे ‘अनकंट्रोल्ड’! झालं. रस्त्यावर नसलेले पट्टे नकाशात आले.

आपल्या इथल्या एका आजींना कमी दिसतं. नातू मोबाइल बघून म्हणाला, “आजी, समोर झेब्रा क्रॉसिंग आहे, गाड्या थांबतील.” आजी म्हणाल्या, “बाबू, पंचवीस वर्षं झाली इथं, माझ्यासाठी एक गाडी थांबली नाही.” त्यांनी मोबाइलचं ऐकलं नाही म्हणून बरं. त्याच रात्री मी ‘अनमार्क्ड’ करून टाकलं.

‘झेब्रा’ शब्दही फसवाच. ब्रिटनमध्ये 1951 पासून झेब्रा म्हणजे पट्टे, बाजूला लुकलुकणारे पिवळे दिवे आणि पट्ट्यावर माणूस आला की गाडीनं थांबायचं. आपल्याकडे नुसते पट्टे दिसले तरी आपण झेब्रा म्हणतो. म्हणून नकाशात आता पट्टे कसे आणि सिग्नल आहे का, हे वेगवेगळं लिहायची सोय आहे. मधे थांबायला जागा, व्हीलचेअरसाठी उतार, अंधांसाठी खडबडीत फरशी, हेही लिहिता येतं. मला विचाराल तर आजींसाठी पट्ट्यांपेक्षा मधली जागा महत्त्वाची; अर्धा रस्ता पार करून दम खाता येतो.

पुसट पट्ट्यांचं काय, यावर माझा आणि मुलाचा वाद चालू आहे. तो म्हणतो, आहेत असं लिहा. मी म्हणतो, ड्रायव्हरला दिसत नसतील तर नाहीत.

रविवारी सकाळी सात वाजता पाटणी चौकापासून अकोला नाक्याकडे पायी निघणार आहे. ज्यांना क्रॉसिंग मोजायला यायचं त्यांनी गेटवर भेटा. चहा माझ्याकडून.