मिश्रीच्या डब्या

मागच्या बैठकीला दातांच्या कॉलेजातल्या तीन मुली आमच्या गटात आल्या. त्यांनी प्लॅस्टिकचा जबडा काढला, तसं आम्ही पदराआड हसलो. मग त्यांनी विचारलं, "मिश्री कोण लावतं?" सगळ्या गप्प. शेवटी एका आत्यांनी चंचीतली डबी पुढ्यात ठेवली. मागोमाग सात डब्या निघाल्या! मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दुखणं तेवढ्यापुरतं दबतं, कीड तशीच राहते. मुलींनी आरशात गाल, जीभ बघायला शिकवलं. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर डॉक्टरांना दाखवायचं. आत्यांच्या गालात चट्टा निघाला. दिवाळी झाली की त्या ऊसतोडीला जातील. म्हणून या सोमवारीच आम्ही त्यांना अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेतोय. जीपमध्ये अजून जागा आहे.