इंग्रजी बोलूं पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांविषयीं



छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेंत, १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें महाविद्यालय काढलें, आणि १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. तेव्हांपासून खेड्यापाड्यांतील मुलें उच्च शिक्षणासाठीं येथें येत आहेत. इंग्रजी व्याकरण त्यांस पाठ असतें; दोन वाक्यें बोलावयाचीं म्हटलें कीं घशास कोरड पडते. मजकडे येणारा एक विद्यार्थी मुलाखतीहून परतला. प्रश्न समजले होते, उत्तरेंही येत होतीं. तरी तो गप्प राहिला. “चुकलों तर हंसतील,” एवढेंच म्हणाला. नोकरी गेली.

यांत त्याचा दोष मला दिसत नाहीं. तीन तास लिहावयास आम्ही शिकविलें. तीन मिनिटें बोलावयास कोणी सांगितलें होतें?

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. परकी भाषा अशी वश होते ती केवळ पोथ्या वाचून नव्हे. साष्टीच्या लोकांत ते वर्षानुवर्षें राहिले होते. आमच्या मुलांना अशी संगत कोठें आहे?

ती आपण देऊं शकतों. आपल्यापैकीं पुष्कळांचें शिक्षण इंग्रजी शाळांत झालें आहे. मात्र मुलांस शेक्सपिअरवर बोलावयास लावूं नये. पाणचक्कीचें पाणी दूरच्या झऱ्यापासून मातीच्या नळांनीं कसें येत असे, हें सांगावयास लावावें. विषय घरचा असला म्हणजे शब्द सांपडतात. मध्येंच टोकूं नये; चुका टिपून ठेवाव्या व शेवटीं दोनच सांगाव्या. (माझ्या उच्चारावर एकदां सारा वर्ग हंसला, पुढें वर्षभर मीं तोंड उघडलें नाहीं.)

उच्चाराचीं गोष्ट थोडक्यांत. आपल्या एका ‘व’मध्यें इंग्रजीचे दोन ध्वनि बुडतात: एकास वरचे दांत खालच्या ओंठास टेकतात, दुसऱ्यास ओंठांचा नुसता चंबू होतो. आरशांत पाहून हें साधतें. शिवाय आपण प्रत्येक अक्षरास बहुधा सारखा जोर देतों. इंग्रजींत ‘फोटोग्राफ’चा जोर पहिल्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफर’चा दुसऱ्यावर.

रविवारीं संध्याकाळीं आपलें सभागृह मोकळें असतें. एक तास पुरे. खुर्च्या मात्र रांगेनें नकोत. दोन-दोन, समोरासमोर मांडाव्या.