लुई कान : उजेडाचा वास्तुकार

इमारत म्हटली की आपली नजर आधी तिच्या दर्शनी भागावर जाते. अमेरिकन वास्तुकार लुई कान यांच्या इमारतींना मात्र आत जाऊनच दाद देता येते, आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा : इथे उजेड येतो कुठून? कान यांचा जन्म १९०१ सालचा, एस्टोनियातला. लहानपणीच ते फिलाडेल्फियाला आले, १९२४ मध्ये तिथेच पदवीधर झाले. पण नाव झाले ते पन्नाशी उलटल्यावर, येल विद्यापीठाच्या कलादालनामुळे. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी उजेडाला विटा आणि काँक्रीट यांच्या बरोबरीचे बांधकाम-साहित्य मानले, असे माझे म्हणणे आहे.

याचा उत्तम पुरावा म्हणजे टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचे किम्बेल कलासंग्रहालय, १९७२ सालचे. त्यावर काँक्रीटची लांबट, कमानदार छते आहेत. एकेक छत १०० फूट लांब आणि चार कोपऱ्यांतल्या चार खांबांवर तोललेले. दगडी कमानीत ज्या जागी मधला दगड बसवून कमान पक्की करतात, नेमक्या त्याच जागी कान यांनी लांबच लांब फट ठेवली आहे. हे जमले, कारण ही छते कमानीसारखी दिसली तरी काम तुळईचे करतात. फटीखाली छिद्रे पाडलेला ॲल्युमिनियमचा वक्र पत्रा आहे. टेक्सासचे प्रखर ऊन त्यावर आपटून परत छताकडे वळते, आणि करड्या काँक्रीटवर रुपेरी, सौम्य उजेड पसरतो. चित्रांवर थेट ऊन पडत नाही, तरी बाहेर ढग आला की आत कळते.

यावर कोणी म्हणेल, उघडे काँक्रीट रुक्षच, आणि याच कान यांच्या फिलाडेल्फियातल्या रिचर्ड्स प्रयोगशाळांत शास्त्रज्ञांना ऊन सोसवेना, म्हणून त्यांनी काचा झाकून घेतल्या होत्या. आक्षेप खरा आहे. उजेडाला साहित्य मानणाऱ्याने त्याची धगही मोजायला हवी, आणि तिथे ती मोजली गेली नाही. पण पुढे वास्तुकार बाळकृष्ण दोशींच्या पुढाकाराने अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे काम आले, तेव्हा कान यांनी विटांच्या भिंतींना मोठाली गोल भगदाडे ठेवून खोल्या सावलीत मागे सारल्या. उन्हाला आधी भिंत अडवते, मग उरलेला उजेड माणसापर्यंत पोचतो. काँक्रीटचा रुक्षपणाही उजेडावर अवलंबून असतो, हे किम्बेलचे छत दाखवते. म्हणून कान यांची इमारत पाहताना भिंतीचा पोत आणि खिडकीची जागा वेगवेगळी तपासू नका. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडला, तरच त्यांची कला उमगते.