नेसणे, घालणे आणि डॅनिश ‘टॉय’

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीला 25 वर्षे झाली. याच आवारात क्रिकेट खेळणारी मुले आज पुण्यात, हैदराबादेत, काही तर साता समुद्रापार आहेत. त्यांची मुले तिकडची भाषा बोलतात. माझा नातू डेन्मार्कमध्ये बालवाडीत जातो. त्याच्याशी गप्पा मारता याव्यात म्हणून मी थोडीथोडी डॅनिश शिकतो आहे आणि सुरुवात केली ती कपड्यांपासून. कारण थंडीच्या दिवसांत तिकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा इकडे साडेअकरा झालेले असतात. आम्ही फोनवर भेटतो ती नेमकी त्याची कपडे घालण्याची वेळ.

आपले बुलढाणे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे, थंड हवेचे. तरी एक स्वेटर आणि कानटोपी यात आपला हिवाळा निघतो. डेन्मार्कमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. पण पाऊस असो की बर्फ, बालवाडीतली मुले बाहेर खेळतातच. हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात, अशी तिकडे म्हणच आहे. आधी आतले लोकरी कपडे, त्यावर पायापासून गळ्यापर्यंतचा एकसंध जाड पोशाख, मग बूट, टोपी, हातमोजे. या पोशाखाच्या डॅनिश नावाचा शब्दशः अर्थ ‘वैमानिकाचा पोशाख’! बालवाडीत प्रत्येक मुलाची कपडे अडकवायची स्वतःची जागा असते, आणि हे सगळे आपल्या हाताने चढवणे हा तिथला मोठा धडाच असतो.

आता भाषेकडे येऊ. डॅनिशमध्ये कपड्यांना ‘टॉय’ म्हणतात. मुलांनो, हसू नका, तुमच्या खेळण्यांना तिकडे ‘लायटॉय’ म्हणतात, म्हणजे खेळायच्या वस्तू. कपडे घालणे याला त्यांचा शब्दप्रयोग आहे ‘वर घेणे’ आणि काढणे म्हणजे ‘वरून घेणे’. सदरा वर घ्या, टोपी वर घ्या, बूट वर घ्या, चष्मासुद्धा वर घ्या. बटण लावायला, नाडी बांधायला त्यांची वेगळी क्रियापदे आहेत, पण अंगावर चढवण्याचे बहुतेक काम या एकावर भागते. एक गोष्ट मात्र त्यांनी आपल्यापेक्षा स्वच्छ ठेवली आहे. ‘त्याने टोपी घातली आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा आत्ता घातली की सकाळपासून डोक्यावर आहे, ते कळत नाही. डॅनिशमध्ये घालण्याची क्रिया असेल तर ‘वर घेणे’, आणि कपडा अंगावर असेल तर ‘वर असणे’. दोन्ही वेगळे.

हे शिकताना माझे लक्ष उलट आपल्या मराठीकडेच गेले. आपण सदरा घालतो, पण लुगडे नेसतो. फेटा बांधतो. शाल, वाकळ पांघरतो. पदर घेतो. गजरा माळतो. कुंकू लावतो. बांगड्या तर कासाराकडून भरून घेतो. काढतानाही तेच: सदरा काढायचा, लुगडे फेडायचे, फेटा उतरवायचा आणि बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणायचे. ही उगीच केलेली शब्दांची चैन नाही. शिवलेल्या कपड्यात आपण अंग घालतो, म्हणून ‘घालणे’. न शिवलेले वस्त्र कमरेभोवती गुंडाळून, निऱ्या करून बसवायचे, म्हणून ‘नेसणे’. कापडाचा आणि हाताचा संबंध त्या क्रियापदात जपलेला आहे.

आता आपल्याच घरांत ‘साडी घातली’ ऐकू येते. त्याचे दोष मुलांना देऊ नका. जे वस्त्र रोज डोळ्यांसमोर नाही, त्याचे क्रियापद तोंडात राहत नाही. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला जा. नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या मुली दिसतील. तिथे ‘नेसणे’ आणि ‘बांधणे’ कोणाला शिकवावे लागत नाही.

माझा नातू मला सांगतो, “आबा, मी टोपी वर घेतली.” शब्द मराठी, मांडणी डॅनिश. मला चार डॅनिश शब्द कळतात म्हणून त्याचे वाक्य मला चुकीचे वाटत नाही, ते कुठून आले ते दिसते. मी म्हणतो, “शाब्बास! मीपण टोपी घातली बघ.” तोही मग हळूच ‘घातली’ म्हणतो. टोकून हे झाले नसते. टोकले की नातवंडे मराठी सुधारत नाहीत, बोलणेच बंद करतात. मग फोनवर उरते ते फक्त “हाय आजोबा, बाय आजोबा”.

म्हणून ज्येष्ठांना एक विनंती. आपली नातवंडे जी भाषा बोलतात, तिचे दहा शब्द तरी शिका. इंग्रजी असो, कन्नड असो की डॅनिश. टोपी, बूट, मोजे, आंघोळ, भूक, झोप एवढे पुरे. आणि ती दिवाळीला येतील तेव्हा कपाटातले धोतर, लुगडे, फेट्याचे कापड बाहेर काढा. त्यांच्या हातात द्या, नेसवा, बांधा. शब्द त्या कापडाबरोबर आपोआप जाईल.